तपासले, क्रमांक सात

फळी कोनाड्यात बसली नाही, तेव्हा अचूकरावांनी पहिला संशय फळीवर घेतला, दुसरा सुताराच्या टेपवर आणि तिसरा भिंतीवर. घर जुनं आहे, भिंत आकसली असेल, असंही ते बोलून गेले. स्वतःच्या मोजमापावर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. फूटपट्ट्यांच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस तो. 'अचूकराव' हे नावसुद्धा कारखान्यातल्याच लोकांनी ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. निवृत्तीला आता तीन आठवडे राहिले होते. निवृत्तीनंतर पुस्तकं वाचायची, आणि त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात एक फळी ठोकायची, एवढाच काय तो बेत होता.

कोनाडा त्यांनी स्वतः मोजला होता. घरातली लाकडी पट्टी तीनदा ठेवली, उरलेला तुकडा चष्मा पुसून पाहिला आणि गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या सुताराला माप लिहून दिलं: एक्क्याण्णव सेंटिमीटर, वर दोन मिलिमीटर. सुतारानं बरोबर तेवढी फळी कापून आणली आणि ती कोनाड्याच्या बाहेरच अडकून बसली. त्यानं मुकाट्यानं खिशातला टेप काढला, कोनाड्याला लावला आणि म्हणाला, "काका, कोनाडा नव्वदच आहे."

हे ऐकून अचूकरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाजारातल्या टेपनं त्यांच्या पट्टीला खोटं ठरवावं, हे त्यांच्या दृष्टीनं आक्रीतच होतं. त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, की एवढंसं तासून टाका आणि मोकळे व्हा, मला केर काढायचाय. पण तासण्याचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता. तत्त्वाचा प्रश्न आला की या घरात केर तसाच राहतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तिनं केरसुणी कोपऱ्यात उभी केली आणि आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी अचूकराव सुताराचा टेप आणि घरची पट्टी अशी दोन्ही घेऊन कारखान्यात गेले. तिथे एका काचेच्या कपाटात मखमलीत गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. तिला सगळे 'मूळ पट्टी' म्हणतात. कारखान्यातली बाकी सगळी मापं तिची लेकरं. महिन्यातून एकदा तिला तेलाचं बोट लागतं, आणि तो मान अचूकरावांचा. त्यांनी टेप मूळ पट्टीशेजारी ठेवला. टेप बरोबर होता. मग घरची पट्टी ठेवली. ती चार मिलिमीटर कमी भरली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पट्टी तेवढीच राहिली. मग त्यांनी ती उलटी केली. मागे फिकट निळ्या शाईत शिक्का होता: 'तपासले, क्रमांक सात'. क्रमांक सात म्हणजे ते स्वतः.

एकतीस वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना लख्ख आठवली. तेव्हाचा कारखाना म्हणजे काय होता. प्लास्टिकचं नावसुद्धा नव्हतं. दारातून आत पाऊल टाकलं की ताज्या भुशाचा आणि रोगणाचा वास यायचा, आणि तो सदऱ्याला लागून घरापर्यंत यायचा. लांब बाकांवर बायका ओळीनं बसून खुणांच्या खाचांत काळा रंग भरायच्या आणि सगळ्या मिळून एकच गाणं म्हणायच्या, तेही कधी पूर्ण व्हायचं नाही, कारण कडव्याच्या मध्येच भोंगा वाजायचा. प्रत्येक पट्टी निदान नऊ जणांच्या हातांतून जायची. दहावा हात अचूकरावांचा, आणि तो हात तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. आता यंत्रातून पट्ट्या बदाबदा पडतात आणि त्यांना कसलाच वास येत नाही. अचूकरावांना या गोष्टीचं मनापासून वाईट वाटायचं, आणि ते ऐकायला कोणी तयार नसल्यानं अधिकच वाईट वाटायचं.

तर त्या दुपारी पिवळ्या कडेच्या चार हजार पट्ट्या तयार होत्या. खुणा उठवायचा साचा सकाळीच नवा बसवला होता. ट्रक फाटकाशी उभा होता आणि ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी भोंगा वाजवत होता. मूळ पट्टीच्या कपाटाची किल्ली भांडारपालाकडे, आणि भांडारपाल बहिणीच्या लग्नाला गेलेला, किल्लीसकट. तरुण अचूकरावांनी डोकं लढवलं. त्यांनी त्याच गठ्ठ्यातली वरची एक पट्टी उचलली आणि तिच्याशी बाकीच्या ताडून पाहिल्या. एकूण एक तंतोतंत जुळल्या. इतका निर्दोष माल कारखान्यानं तोवर पाहिला नव्हता. त्यांनी नोंदवहीत 'दोष शून्य' असं लिहिलं, चार हजार शिक्के मारले, आणि त्या वर्षी त्यांना 'शून्य दोष' हे प्रशस्तिपत्रक मिळालं. ते चौकटीत घालून कोनाड्याच्या वरच टांगलेलं होतं. ज्या पट्टीनं मापलं, ती त्यांनी आठवण म्हणून घरी आणली. घरातल्या मापांच्या बाबतीत तेव्हापासून तिचाच शब्द शेवटचा मानला जायचा.

एरवी हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. माणूस अशा वेळी पट्टी माळ्यावर टाकतो आणि सुताराला चहा पाजतो. पण त्याच आठवड्यात कारखान्यात मूल्य सप्ताह सुरू झाला होता. नव्या साहेबांनी बाहेरून एक व्याख्याते बोलावले होते आणि जेवणाच्या खोलीत पडदा लावून 'व्यवसायातील नीतिमत्ता आणि कंपनीची जबाबदारी: प्राथमिक ओळख' असा वर्ग भरवला होता. बहुतेक लोक मागच्या रांगेत बसून डुलक्या घेत होते. अचूकराव पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होते. शेवटी प्रत्येकाला एक पुस्तिका मिळाली. तिच्या चौथ्या पानावर जबाबदारीच्या तीन पायऱ्या होत्या: चूक मान्य करा, नुकसान कोणाचे झाले ते शोधा, ते भरून द्या. ही पुस्तिका कोणी वाचेल अशी छापणाऱ्याची कल्पना नसावी. अचूकरावांनी ती दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या, नव्या पट्टीनं.

पहिली पायरी म्हणजे चूक मान्य करणं. ते तक्रार विभागात गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज पुढे केला आणि तक्रार कोणाची, असं विचारलं. माझी. कोणाविरुद्ध? माझ्याविरुद्ध. कारकुनानं पेन खाली ठेवलं. दोन्ही रकान्यांत एकच नाव चालत नाही, तक्रार गिऱ्हाइकानंच करायची असते, आणि कर्मचारी हा गिऱ्हाईक नसतो, असं त्यानं समजावून सांगितलं. शिवाय कोणत्याही गिऱ्हाइकाची तक्रार आली की ती खुलाशासाठी संबंधित तपासनिसाकडे जाते. म्हणजे फिरून अचूकरावांकडेच. अचूकराव म्हणाले, की मग मी खुलासा देतो की तक्रार खरी आहे. कारकून म्हणाला, तसा रकाना नाही. खुलाशात फक्त तक्रार निराधार का आहे, तेवढंच लिहायचं असतं.

मग ते नव्या साहेबांना भेटले. साहेब वयानं त्यांच्या मुलासारखे आणि बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरची एक गुंडाळी उलगडली. तो मोठा रंगीत फलक होता. त्यावर अचूकरावांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरं: 'तेहेतीस वर्षे, शून्य दोष'. मूल्य सप्ताहाचा समारोप अचूकरावांच्या निरोप समारंभापर्यंत लांबवून दोन्ही एकाच दिवशी ठेवले होते. साहेब म्हणाले, "प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून मी तुम्हालाच निवडलंय. समारंभापर्यंत हे कोणाला सांगू नका."

बिल्डिंगमध्ये चुकीच्या पट्टीची ही बातमी त्याच संध्याकाळी पसरली, कारण बायकोनं ती फक्त एकाच शेजारणीला सांगितली होती. सल्ल्यांना तोटा राहिला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, की निवृत्तीचे कागद हातात पडू द्या, मग निनावी पत्र लिहा. अचूकरावांनी विचारलं, की निनावी पत्रात स्वतःचं नाव कसं लिहायचं. शिंपीणबाईंनी विचारलं, की तीस वर्षांत पट्टी झिजली नसेल कशावरून. खाली राहणारे मास्तर, म्हणजे जवळच्या शाळेतले निवृत्त भूमितीचे शिक्षक, त्यांनी घसा खाकरून सांगितलं, की माणसानं चूक करावी, पण लेखी देऊ नये. मास्तरांनी स्वतः चाळीस वर्षं दुसऱ्यांच्याच चुका लेखी दिल्या होत्या, तेव्हा त्यांचा अधिकार मोठा. लेकीचा फोन आला. लहानपणी तिची उंची स्वयंपाकघराच्या चौकटीवर याच पट्टीनं मोजत आणि त्यामुळे ती स्वतःला एकशे पंचावन्न समजत होती. खरी उंची एकशे त्रेपन्नच्या आसपास निघते, हे बापानं तिला जबाबदारीनं कळवलं. ती म्हणाली, "बाबा, हे आपल्या घरातच राहू द्या."

दुसरी पायरी, नुकसान कोणाचं झालं ते शोधा. अचूकरावांनी वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या दारावर सुवाच्य अक्षरात नोटीस लावली. पिवळ्या कडेची, मागे क्रमांक सातचा शिक्का असलेली लाकडी पट्टी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती खालील पत्त्यावर घरी आणून द्यावी आणि नवी पट्टी घेऊन जावी, गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. नव्या पट्ट्या त्यांनी स्वतः विकत आणल्या होत्या. पहिल्या दिवशी एक गृहस्थ मोडकी छत्री घेऊन आले. नोटीस अर्धवट वाचल्यामुळे इथे जुन्याच्या बदली नवं मिळतं एवढंच त्यांना कळलं होतं, आणि खुलासा झाल्यावरही ते जरा रागातच परत गेले.

पण हळूहळू खऱ्या पट्ट्याही आल्या. गंमत अशी, की लोक पट्टी दाखवायला आणत, द्यायला नाही. पिकल्या केसांच्या एका नर्सबाईंच्या पट्टीवर कर्कटकानं मैत्रिणीचं नाव कोरलं होतं. ती मैत्रीण आता नव्हती. बाईंनी पट्टी अचूकरावांच्या हातात दिली, त्यांचं मोजून झाल्यावर लगेच परत घेतली आणि पर्समध्ये ठेवली. एकानं तिच्यावर पतंगाची कामटी सरळ केली होती, एकाला तिच्यानं मार बसला होता, आणि मार खाल्लेला माणूस सगळ्यांत प्रेमानं बोलत होता. अचूकराव सदोष मालाची यादी करायला बसत आणि उठेपर्यंत लोकांचं बाळपण ऐकून घेत. आठवड्याअखेर यादीत अकरा पट्ट्या होत्या आणि परत एकही मिळाली नव्हती. त्यांना वाटलं, चला, नुकसान असं कोणाचंच झालेलं नाही. त्यांना जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

तेवढ्यात सुतार आला. तक्रारीच्या अर्जावर गिऱ्हाईक म्हणून सही करायला त्याला बोलावलं होतं. त्यानं पट्टी आजवर नीट पाहिलीच नव्हती. त्या दिवशी ती हातात घेतली, पिवळ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मांडीवर ठेवून बसला. बायकोनं ठेवलेला चहा त्यानं घेतला नाही.

"काका, ही कमी आहे म्हणता?" त्यानं विचारलं. "किती?"

"पुऱ्या पट्टीला चार मिलिमीटर."

"म्हणजे पंधरा सेंटिमीटरला दोन."

अचूकरावांनी मान हलवली. मग सुतारानं सांगितलं ते असं. पाचवीत असताना त्याच्या घरी पट्टी घ्यायची ऐपत नव्हती. शाळेनं अशा सात-आठ मुलांना फुकट पट्ट्या दिल्या होत्या, पिवळ्या कडेच्या. बाकीच्या मुलांकडे विकतच्या. भूमितीचे सर दर शनिवारी पंधरा सेंटिमीटरची रेघ काढायला सांगायचे आणि आपल्या पट्टीनं मोजायचे. फुकटच्या पट्टीवाल्या सगळ्यांची रेघ कमी भरायची. सर लाल पेन्सिलीनं लिहायचे, 'मापात लक्ष नाही'. एक मिलिमीटरची चूक ही चूकच, मग दोनची तर बोलायलाच नको.

"दोन वर्षं तेच," सुतार म्हणाला. "मी श्वास रोखून काढायचो रेघ, काका. पेन्सिलीला इतकं टोक करायचो की कागद फाटायचा. सरांनी वडलांना बोलावून सांगितलं, याच्या हाताला माप नाही. वडलांनी सातवीत शाळा बंद केली. पहिली मजुरी मिळाली तेव्हा मी आधी हा टेप घेतला."

त्यानं हे रागानं सांगितलं नाही. रागानं सांगितलं असतं तर अचूकरावांना सोपं गेलं असतं. भूमितीचे सर म्हणजे खाली राहणारे मास्तरच, हे सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं त्याच गल्लीत दुकान असून हा सुतार जिन्यावर मास्तर दिसले की खाली बघून का जातो, ते अचूकरावांना त्या दिवशी कळलं. ट्रकचा भोंगा त्यांना पुन्हा ऐकू आला. किल्लीसाठी एक दिवस थांबले असते तर काय झालं असतं? ड्रायव्हर चिडला असता, बस्स. त्यांना सुताराच्या डोळ्यांकडे बघवेना. तो गेल्यावर त्यांनी भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक काढलं. मागे भिंतीचा जुना, कोरा रंग चौकोनी उरला होता. बायको म्हणाली, की तिथे आता काहीतरी लावा, भकास दिसतंय. त्यांनी नाही म्हटलं. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

निरोप समारंभात अचूकरावांनी सगळं सांगून टाकलं. साहेबांची परवानगी विचारली नाही. किल्ली, ट्रक, वरची पट्टी, चार हजार शिक्के, सात-आठ मुलं. प्रशस्तिपत्रक टेबलावर ठेवून ते म्हणाले, की हे मी परत करतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतले लोकसुद्धा जागे झाले. व्याख्याते म्हणाले, की विनम्रता म्हणतात ती हीच. साहेबांनी डोळे पुसले आणि सांगितलं, की दहा वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोंदवह्या नष्ट केलेल्या आहेत, त्यामुळे असा माल निघालाच नव्हता, आणि न निघालेल्या मालाबद्दलचं प्रशस्तिपत्रक परत घेता येत नाही. ते त्यांनी पुन्हा अचूकरावांच्या हातात दिलं, फोटो काढला आणि वर एक भेट दिली. सोनेरी रंगाची मोठी फूटपट्टी, मखमली पेटीत, त्यावर कोरलेलं 'क्रमांक सात'. आयुष्यात एकदा माणूस खरं बोलायला उभा राहतो आणि त्याची अशी शोभा होते. अचूकराव जाता जाता तपासणीच्या खोलीत गेले, सोनेरी पट्टी मूळ पट्टीशेजारी ठेवली, आणि ती दोन मिलिमीटर जास्त भरली. त्यांनी नोंदवहीत शेवटची नोंद केली: 'एक नग. नापसंत'. मूळ पट्टीला तेलाचं बोट लावलं, कपाट बंद केलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. खिळ्यावर हात जरा जास्तच रेंगाळला.

आता तिसरी पायरी उरली होती. शाळेची बुडालेली वर्षं कुठल्या दुकानात मिळतात? पुस्तिकेचं चौथं पान तिथेच संपत होतं आणि पाचव्यावर छापखान्याचा पत्ता होता. शेवटी ते मास्तरांकडे गेले, पट्टी त्यांच्यासमोर ठेवली आणि सुताराची हकिकत सांगितली. मास्तर ताठ झाले. आपण शाळेच्या खात्रीच्या पट्टीनं मोजत होतो, आपलं तपासणं चोख होतं, असं ते म्हणाले. अचूकराव म्हणाले, "मास्तर, तुमचं तपासणं चोख होतं. त्याची रेघही चोख होती. खोटा होतो तो मी. पण सात-आठ जणांची रेघ दर शनिवारी दोनच मिलिमीटर कमी भरते, आणि तेही फुकटच्या पट्टीवाल्यांचीच, हे पाहून तुम्ही पट्टी का नाही हो मोजलीत?" मास्तरांनी दार लावून घेतलं आणि दोन दिवस ते खाली अंगणातसुद्धा दिसले नाहीत.

रविवारी सकाळी सुतार फळी तासायला आला. अचूकरावांनी त्याच्यापुढे हात जोडले तेव्हा तो ओशाळला, "असू द्या हो काका," म्हणाला आणि करवत शोधू लागला, ती त्याच्या हातातच होती. त्यानं फळी आडवी ठेवली, तेवढ्यात दार वाजलं. मास्तर उभे होते. अंगात शाळेत घालायचे तो जुना कोट, एका हातात काठी आणि दुसऱ्यात शाळेची पट्टी. ते आत आले, कोणी बसा म्हणायच्या आत खुर्चीवर बसले आणि फळीकडे बोट करून सुताराला म्हणाले, "पंधरा सेंटिमीटरची रेघ काढ."

सुतार बेचाळीस वर्षांचा, त्याच्या दोन मुली त्याच शाळेत शिकून मोठ्या झालेल्या. पण त्यानं कानावरची पेन्सिल काढली, तिला टोक केलं, टेप धरला आणि श्वास रोखून रेघ काढली. मास्तर उठले. कष्टानं वाकले, फळीवर आपली पट्टी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवून एका टोकाला पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला. अचूकरावांनीही आपला चष्मा काढून पुसून घेतला. मास्तरांनी कोटाच्या खिशातून लाल पेन्सिल काढली. रेघेखाली लिहिलं, 'दहापैकी दहा'. त्याखाली तारीख घातली, सही केली. मग जरा थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, 'विलंबाबद्दल दिलगीर'.

"लेखी दिलंय," ते अचूकरावांकडे न बघता म्हणाले.

सुतारानं टोपीनं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला. मग त्यानं फळी दुसऱ्या टोकाकडून तासली, नव्वदला, आणि ती अलगद कोनाड्यात बसवली. केसभरही फट राहिली नाही. अचूकरावांनी लाल अक्षरांची बाजू वर ठेवायला सांगितली. पुस्तकांचा ढीग जमिनीवर तयार होता आणि त्यांनी पहिलं पुस्तक उचललं, तेव्हा बायको केरसुणी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, की त्या फळीवर काही ठेवाल तर याद राखा, पुस्तकं खाटेखाली राहतील. तिनं तीन आठवड्यांचा केर काढला, मग ओल्या फडक्यानं फळी पुसली, लाल अक्षरांच्या कडेकडेनं.